दिव्याखालचा कोबी

"हे आईला खाऊ घातलंत?" मी विचारलं.

आईच्या खोलीत यूव्ही दिव्याखाली कोबीची बोटभर, गडद जांभळी रोपं उभी होती. केमो चालू असताना कच्चं काही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिन्यापूर्वी ती जंतुसंसर्गानेच गेली.

"या उजेडात रोपं खुजी राहतात, पण सत्त्व वाढतं," बाबा म्हणाले.

"शिकवू नका, बाबा. कच्चं दिलंत?"

"उकळून द्यायचो."

"उकळल्यावर सत्त्व कुठलं राहतंय? मग दिवा कशाला?"

"रंगासाठी. दिव्याखाली पाला जास्त जांभळा होतो. त्याचं पाणी इतकं सुरेख दिसायचं, की रोज दोन घोट घ्यायची."

शेवटच्या आठवड्यात माझ्या हातून तिने साधं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.