किडे गेले की पनवेल

“मार पिचकारी,” धर्माजी म्हणाला आणि काचेला नाक लावून, श्वास रोखून उभा राहिला.

भावनाने रंगपंचमीची छोटी पिचकारी टाकीत बुडवली आणि प्रवाळाच्या फांदीवर पाण्याचा झोत सोडला. फांदीवर काहीच नव्हतं, निदान डोळ्यांना दिसत तरी नव्हतं. झोत बसला मात्र, तिळाएवढे चपटे किडे सुटले आणि गिरक्या खात वाळूत पडले.

“आहेत!” भावनाने कपाळावर हात मारला.

“आहेत,” म्हणत धर्माजीने श्वास सोडला.

“म्हंजे याही रविवारी पनवेल न्हाय,” दारातून शेजारचा भागोजी म्हणाला.

“तुला लई घाई रे माझ्या जाण्याची.”

“हायच. तू गेलास की तुझ्या ओट्यावर माझी लाकडं रचीन.”

धर्माजी दिघीच्या जेट्टीवर तिकिटं फाडून निवृत्त झालेला. बोर्ली पंचतनला घर बांधलं, आणि वर्षभरापूर्वी बायको केसर गेली. तिच्या आजारपणात भावनाने ही खाऱ्या पाण्याची टाकी आणून दिली होती. वेताच्या खुर्चीत बसून केसर दिवसभर ते प्रवाळ बघायची. खुर्चीच्या पाठीला मानेपाशी तिच्या तेलाचा डाग अजून होता.

भावना पनवेलला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. बाप एकटा राहतो म्हणून तिला झोप लागत नसे. धर्माजी म्हणाला होता, “आईची टाकी सोडून मी येणार नाही.” भावना म्हणाली होती, “मग टाकीसकट या. पण किडे घेऊन नको. माझ्या घरच्या टाकीतलं सगळं फस्त होईल.”

तेव्हापासून दर रविवारी प्रयोग चालू होते. प्रवाळ औषधाच्या पाण्यात बुडवून झालं. किडे खाणारा पिवळा मासा आणून झाला. त्याने किड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, धर्माजीने टाकलेला जवळा खाऊन तो गरगरीत झाला. मग भावनाने फांद्यांच्या बुडाशी चिकटलेली अंडी दात घासायच्या ब्रशने खरवडली. पुढच्या रविवारी किडे हजर.

“पोरी, हे मरतात तरी कशानं?” भागोजीने विचारलं.

“उपाशी ठेवले की मरतात, काका. पण प्रवाळाचा तुकडा आणि समुद्राचं पाणी मिळालं की मजेत जगतात.”

“माझ्यापरीस बरं हाय त्यांचं.”

भागोजीची मुलं मुंबईला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. संध्याकाळी धर्माजीच्या ओट्यावर कॅरम खेळायचा आणि हरला की बोर्ड वाकडा आहे म्हणायचा. टाकीसाठी दिवेआगरहून पाण्याचे कॅन तोच स्कूटरवर आणायचा. त्यातला एक घरी ठेवून घ्यायचा, गुडघे शेकायला. किड्यांनी खाल्लेल्या फांद्या भावनाने कापल्या की ती बादलीही तोच उचलायचा. “टाकतो लांब. तुमच्या गटारात पैदास नको.”

भावना हात धुवायला आत गेली. “बाबा, स्वयंपाकघरात काय गुणगुणतंय?”

“फ्रीज. म्हातारा झालाय.”

तिची नजर वरच्या फळीवरच्या चिनी मातीच्या बरणीकडे गेली. “आईचं शेवटचं लोणचं ना? अजून पुरवताय?”

“पुरवतोय,” धर्माजी म्हणाला. भावनाचे डोळे भरले. त्या बरणीला ती कधी हात लावत नसे.

निघताना तिने नवी जालीम पूड पाण्यात सोडली. “ही शेवटची. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊनच येते. किडे नसले की टाकी चढवायची आणि तुम्हीही चढायचं. आता सबब नाही.”

शनिवारी सकाळी लाईट गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. टाकीचा पंप बॅटरीवर होता, त्यामुळे टाकीला काही झालं नाही.

रविवारी उजाडल्यावर धर्माजी स्टुलावर चढला आणि बरणीचं झाकण काढलं. लोणचं कधीच संपलं होतं. आत समुद्राचं पाणी होतं, प्रवाळाचा तुकडा होता आणि मागून सोडलेली बुडबुड्यांची नळी दिवसभर बंद पडलेली होती. तळाशी किडे मरून पडले होते. सगळे.

धर्माजी स्टुलावरच बसला. मुलगी दर आठवड्याला एवढ्या लांबून धावत यायची. तिला तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्याच्याने झालं नव्हतं. म्हणून तो किडे पाळत होता. केसरची माफी मागून, फांदीला फार इजा नको म्हणून बेताने टाकीत सोडायचा. चार सोडले की दहा दिसायचे. पोरं झाली असतील, असं त्याला वाटायचं.

“काय रे, सुतकी तोंड?” भागोजी आत आला.

“काल लाईट गेली ना,” धर्माजी म्हणाला. “संपलं सगळं. जावं लागणार आज.”

भागोजीने एकदा टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, “जा, अंग धू. टेम्पोत काय असा बसणार?”

धर्माजी मोरीतून बाहेर आला तेव्हा टेम्पो दारात होता आणि भावना टाकीपाशी. तिने पिचकारी मारली. काही पडलं नाही. दुसऱ्या फांदीवर मारली. काही नाही.

“बाबा! गेले!” ती ओरडली.

धर्माजीने केसरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “हिला टेम्पोत जागा होईल ना?”

“होईल की. थांबा, मागची एक फांदी राहिली.”

तिने झोत सोडला. मूठभर किडे एकदम सुटले आणि काळे तीळ सांडावेत तसे वाळूवर पसरले.

भावना मटकन खाली बसली. “एवढे? अहो, येतात कुठून हे?”

धर्माजीने दाराकडे पाहिलं.

“अरेरे,” उंबऱ्यात उभा असलेला भागोजी म्हणाला, “आजबी पनवेल न्हाय व्हय?” आणि त्याने उजवा हात पाठीमागे नेला, पण सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत ओलीचिंब होती आणि कोपरावरून पाणी टपटप उंबऱ्यावर गळत होतं.