आईचा नवा कॉम्प्युटर

“पुन्हा लाल अक्षरं आली बघ,” आई म्हणाली. “मी काही मोडलं का गं?”

“तू नाही. मलाच काही सुधरत नाहीये.”

मेंदूच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. त्याआधी बारा वर्षं प्रोग्रामर असलेल्या लेकीने त्यानंतर कीबोर्डला हात लावला नव्हता. “सगळं पुसलं गेलंय,” एवढं म्हणून ती विषय मिटवायची. अशात आईनेच, निवृत्त कारकुनाने, प्रोग्रामिंग शिकायचं खूळ डोक्यात घेतलं. कॉम्प्युटर आणला, तोही लेकीने कधी न वापरलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा.

“वर्गातल्या बाईंनी हाच घ्या म्हटलं. त्यांनी सांगितलेली पाच अवजारं तेवढी बसवून दे.”

“अवजारं काय, आई! कंपायलर वगैरे म्हण.”

“तेच ते.”

सकाळपासून लेक झटत होती. ओळखीचं काहीच जागेवर नव्हतं. बोटांना सवयीच्या आज्ञा ही सिस्टीम ओळखायलाच तयार नव्हती. आधी काय बसवायचं, मग काय, नुसता गुंता. कंपायलर बसला असं स्क्रीन सांगायचा आणि चालवायला जावं तर ‘सापडत नाही’ म्हणायचा.

तिने खुर्ची मागे ढकलली. डोळे भरून आले होते. “नाही जमत मला. कुणाला तरी बोलाव.”

आई चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, “तो कंपायलर राहतो कुठे, ते सांगितलंस का याला? पत्ता नसेल तर बिचारा शोधणार कसा?”

“आई, तू पण ना...” लेक हसली आणि हसता हसता थांबली. पत्ता! फाईल कुठे आहे, तो मार्गच सिस्टीमला दिलेला नव्हता.

दोन ओळी. एंटर. स्क्रीनवर उमटलं: नमस्कार, आई.

आईने तोंडाला पदर लावला आणि चहा टाकायला लगबगीने आत गेली.

“थांब, सगळं क्रमाने वहीत लिहून देते,” लेकीने आवाज दिला. वर्षभरात इतका मोठा आवाज तिने काढला नव्हता. क्रम नीट आठवेना, म्हणून तिने सिस्टीमने ठेवलेली नोंद उघडली.

तिच्या नावाने झालेल्या आजच्या नोंदींच्या वर मंगळवारच्या होत्या. ती फिजिओथेरपीला गेली होती त्या वेळच्या. हीच पाचही साधनं, अचूक क्रमाने, एकही चूक न होता बसवलेली. पाऊण तासाने सगळी काढून टाकलेली. आणि प्रत्येक ओळीपुढे वापरकर्त्याचं नाव होतं: आई.