पिवळ्या काठाची फुलं

२०१७ सालच्या डिसेंबरात, एका शुक्रवारी सकाळी, सुचित्राने रबियाला चोरी करताना पकडलं.

खरं तर सुचित्रा त्या वेळी विमानात असायला हवी होती. ती शिकवायची त्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की दरवर्षी ती पुण्याला लेकीकडे, स्वराकडे जाई. पण धुक्यामुळे विमान दुसऱ्या दिवसावर गेलं आणि ती टॅक्सी करून कुवेतमधल्या खैतानच्या घरी परत आली. फाटक ढकललं, तर वरच्या मजल्यावरची रबिया वाफ्यापाशी उकिडवी बसलेली. हातात खुरपं, पायाशी कागदी पिशवी.

वाफा सुचित्राच्या नवऱ्याचा, अभिजीतचा होता. पाच वर्षांपूर्वी त्याने तिथे ट्यूलिपचे कंद लावले आणि महिन्याभरात छातीत कळ येऊन तो गेला. सुचित्रा अंथरुणावरून उठेचना. रबिया वरून पेज करून आणायची, चमच्याने भरवायची. फेब्रुवारीच्या शेवटी, रस्त्यावर राष्ट्रीय दिनाचे झेंडे लागले त्या आठवड्यात, फुलं आली. लाल, पिवळ्या काठाची. त्या दिवशी सुचित्रा आपणहून उठली आणि तिने दोघींचा चहा टाकला.

"पुढच्या वर्षी येतील का गं ही?"

"येतील ताई," दापोलीकडची रबिया म्हणाली होती. "का नाय येणार?"

आणि ती आली. पुढची चार वर्षं, त्याच जागी, त्याच रंगाची. पुण्याच्या अंगणातलं मे-फूल कसं न चुकता येतं, तशी. आता इकडे ये म्हणून स्वरा मागे लागली, की सुचित्रा सांगे, "बाबांची फुलं यायची थांबली की येते."

रबियाविषयी मात्र मनात एक काटा होता. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात सुचित्राने सत्यनारायण घातला, आणि नेमका आदल्या दिवशी तिचा फ्रिज बंद पडला. दही आणि फळांची परडी घेऊन ती वर गेली.

"दही ठेवा. दूध असेल तर तेही आणा," रबिया म्हणाली. "फळं नको ताई."

"का? फळांनी काय केलंय?"

"जागा नाय."

दह्याच्या पातेल्याला जागा होती. सुचित्रा परडी घेऊन जिना उतरली. पूजेची फळं, म्हणून घरात नकोत, हे तिला न सांगता कळलं. एरवी हीच बाई प्रसादाचा शिरा मागून खायची. त्यानंतर दोघी बोलत, पण मोजकंच.

"काय चाललंय?" आता सुचित्राने विचारलं.

रबिया दचकली. तिने पिशवी मागे सारली. सुचित्राने ती ओढून घेतली. पिशवी बर्फासारखी गार होती. आत कंद.

"विमान गेलं नाय तुमचं?" रबिया म्हणाली.

"म्हणजे मी गेल्यावर साधायचं होतं."

"तसं नाय ताई..." रबिया खुरप्याची माती अंगठ्याने पुसत राहिली.

वरच्या गॅलरीतून तिचा नवरा अशरफ वाकून बघत होता. "अगं, सांग ना त्यांना."

"तुम्ही आत जावा," रबिया वर न बघताच म्हणाली.

"काय सांगायचंय? माझ्या नवऱ्याचे कंद उकरत होतीस की नाही?"

रबियाने वाफ्याकडे पाहिलं, मग सुचित्राकडे.

"व्हय," ती म्हणाली. "आमी मार्चात कायमचे गावी चाललो. तिकडे लावीन म्हटलं. माफ करा."

"मागितले असतेस तर ओंजळभर दिले असते. माझी फळं ठेवायला जागा नाही, आणि माझं न्यायला पिशव्या आहेत."

"चुकलं, ताई."

सुचित्राने पिशवी घरात नेली. कंद कोंडून सडू नयेत म्हणून टेबलावरच्या टोपलीत, सफरचंदांत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. जानेवारीत परत येऊन तिने ते स्वतःच्या हाताने लावले. पानं आली. कळ्या आल्या त्या कागदासारख्या, आणि तशाच वाळल्या. शाळेतल्या बायकांना तिने सांगितलं, एकदा चोराचा हात लागला, संपलं.

मार्चमध्ये एका दुपारी बेल वाजली. थांबून पुन्हा वाजली. सुचित्राने दार उघडलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर उंबऱ्याबाहेर तेच खुरपं होतं, धुऊन पुसून ठेवलेलं.

अशरफने दापोलीत रंगाचं दुकान टाकलं. रबिया २०२१च्या उन्हाळ्यात तापाने गेली. अशरफचा फोन आला, तेव्हा सुचित्रा दोन वाक्यं बोलली आणि तिने फोन ठेवला. स्वराने पुण्यात आईसाठी खोली रंगवून घेतली. सुचित्रा २०२३मध्ये निवृत्त झाली आणि ऑक्टोबरात तिने कुवेत सोडलं.

निघण्याआधी ती अभिजीतने कंद आणले होते त्या जुन्या नर्सरीत गेली. गल्ल्यावर अजून तोच केरळी म्हातारा होता, यूसुफ.

"ट्यूलिपचे कंद द्या," ती हिंदीत म्हणाली. "लाल, पिवळ्या काठाचे. दरवर्षी फुलणारे."

यूसुफ हसला. "इथे दरवर्षी कुठले, मॅडम? एकदा फुलला की उन्हाळ्यात कंद मातीतच शिजतो. दर साली नवे लावायचे. खैतानहून एक बाई यायच्या, दर ऑक्टोबरला, फुलाचा फोटो घेऊन. हाच रंग पाहिजे म्हणायच्या. खूप वर्षांत आल्या नाहीत."

त्याने बारा कंद निवडून कागदी पिशवीत घातले.

"दोन महिने फ्रिजमध्ये ठेवा, मग लावा. आणि त्यांना सांगायचो तेच तुम्हालाही सांगतो. तोवर फ्रिजमध्ये फळं ठेवू नका. दही, दूध काहीही चालेल. फळ जवळ असलं की फूल आतल्या आत मरतं."