कोणाचा आवाज आधी

"ही टकटक चांगली नाही. हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजतेय," दुरुस्तीवाला म्हणाला. "मधेच बंद पडेल. सगळ्यात महत्त्वाचं काय, ते आधी कॉपी करतो."

"बाबांच्या गोष्टी!" मृण्मयी घाईने म्हणाली. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढण्याआधी भार्गवरावांनी तिच्या होणाऱ्या बाळासाठी त्या रेकॉर्ड केल्या होत्या. त्यांचा आवाज आता तेवढाच उरला होता.

भार्गवरावांनी नकारार्थी मान हलवली आणि पडद्यावरच्या दुसऱ्या फोल्डरवर बोट ठेवलं. त्यात आईचे व्हिडिओ होते. आई गेल्या वर्षी गेली होती.

"बाबा, नको ना!" मृण्मयीला रडू फुटलं. त्यांनी बोट उचललं नाही.

आईचे सगळे व्हिडिओ कॉपी झाले. गोष्टींचा फोल्डर उघडायला घेतला आणि डिस्क बंद पडली, ती कायमचीच.

घरी आल्यावर मृण्मयीने एक व्हिडिओ लावला. कुठल्याशा सहलीत आई झाडाखाली डबा उघडत होती. कॅमेरा भार्गवरावांच्या हातात असावा, कारण आई थेट कॅमेऱ्यात बघून हसली.

"अहो, नुसतं शूटिंग काय करताय? तुम्हीही बोला की काहीतरी!"

भार्गवराव खुर्चीतून पुढे झुकले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले.