वात
मल्टिपल स्क्लेरोसिसनं प्राजक्ताच्या चेहऱ्याची नसच धरली होती. वर्षभर डाव्या गालाला वारा लागला तरी दाढेपासून डोळ्यापर्यंत विजेसारखी कळ जायची. ती घरातही ओढणीनं तोंड बांधून वावरायची. आज सकाळपासून एकही कळ नव्हती. ओढणी खुंटीला अडकवून तिनं अख्खी भाकर चावून खाल्ली. नुकत्याच वेचलेल्या कापसाच्या ढिगाजवळ बसलेल्या सासूबाई हरखल्या. "गेलं वं पोरी दुखनं! अन् पाह्य, तुया गालाले कापूस चिकटला." प्राजक्तानं तो चिमटीनं काढला. तिला कळलंच नव्हतं. तपासताना अकोल्याचे डॉक्टर करायचे तशी कापसाची बारीक वात वळून तिनं ती दोन्ही गालांवरून, मग दंडांवरून फिरवली. उजवीकडे गुदगुली झाली. डावी बाजू बधिर होती. "दिव्यासाठी वात वळून राहिली काय? लाव देवापाशी," सासूबाई म्हणाल्या. प्राजक्तानं गाल दाबला आणि पहिल्यांदाच कळेची वाट पाहिली.