पोतनीसांचा संदर्भ विभाग

"हे पुस्तक सात वर्षं सापडत नाहीये गं," देवघेवीच्या खिडकीतल्या भोळेबाई म्हणाल्या. "संदर्भ विभागात पोतनीसांच्या टेबलावर चिठ्ठी ठेव आणि डोळे मिटून बस."

"पण पोतनीस तर दिवाळीत वारले ना?"

"म्हणूनच सांगतेय. हयातीत माणूस कधी जागेवर सापडला नाही. गेल्यापासून रजा नाही, की चहाला उठणं नाही."

मृण्मयीचा प्रबंध देशोदेशींच्या अंत्यविधींवर होता आणि तो सादर करायला तीनच आठवडे उरले होते. तिने चिठ्ठी ठेवली. डोळे उघडले तेव्हा पुस्तक समोर होतं, धूळ पुसून, हव्या त्या पानात खूण घालून. मग रोज एक पुस्तक येऊ लागलं. टेबलापलीकडून ऐकू येणारी धाप मात्र रोज थोडी वाढत गेली.

अकराव्या दिवशी कुठल्याशा बेटावरच्या लोकांचं पुस्तक आलं. मेलेला माणूस कामात अडकून राहिला, तर तिथे त्याला नावाने हाक मारून सांगतात, 'तुझं काम झालं, आता जा.' तेवढ्याने तो सुटतो. या ओळीखाली पेन्सिलीची ताजी रेघ होती. ग्रंथालयाच्या पुस्तकात पोतनीसांनी रेघ ओढण्याची ही पहिलीच वेळ.

मृण्मयीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. धाप थांबली होती. कुणीतरी श्वास रोखून वाट पाहत होतं.

तिला अजून दोन प्रकरणं लिहायची होती.

"पोतनीसकाका," ती हळूच म्हणाली, "आफ्रिकेवरचं काही मिळेल का?"