बाबांचा हिरवा दिवा

साथीच्या दुसऱ्या वर्षी सरकारने घराबाहेर पडण्यावरच्या बंदीतली वयाची अट काढली. आता लाळेचा थेंब यंत्रात टाकला की ज्याचा त्याचा धोका कळे. लाल दिवा लागला तर घरात राहायचं, हिरवा लागला तर बाहेर पडायचं.

दम्याने बेजार झालेल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या दिनकररावांचा दिवा हिरवा लागला. साताऱ्यात डोंगरावरच्या शर्यती जिंकणाऱ्या त्यांच्या मुलीचा, केतकीचा, मात्र लाल.

तिने पुन्हा तपासलं. पुन्हा लालच.

"वर्षभर मी तुम्हाला कोंडून ठेवलं, बाबा. आणि धोका मलाच?"

"माझ्या अंगात असं आहे तरी काय?" दिनकरराव नवलाने स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण मी बाहेरून आजार आणला तर तुला बाधेल. मी समोर शिर्क्यांकडे राहतो, त्यांच्या घरी सगळे हिरवेच आहेत. दूध-भाजी दाराशी ठेवत जाईन."

पिशवी घेऊन ते खाली उतरले. केतकी खिडकीत आली. रस्त्याच्या मधोमध थांबून त्यांनी वर पाहिलं.

"तू रोज कुठल्या वाटेने धावायचीस गं?"

तिने डोंगराकडे बोट दाखवलं. "अर्ध्यावर दम लागेल तुम्हाला."

"मग तिथेच बसेन," ते म्हणाले, "आणि काय दिसतं ते फोनवर तुला सांगेन."